शंभरातले चार

"भाऊजींचं ऑपरेशनही तुम्हीच करा," काकू म्हणाल्या आणि दिराची फाईल त्यांनी डॉक्टरांपुढे सरकवली.

काकूंचे यजमान वरच्या मजल्यावर सहा नंबरच्या खोलीत होते. नऊ दिवसांपूर्वी डॉक्टरांनीच छाती न उघडता, मांडीतल्या रक्तवाहिनीतून नळी सरकवत त्यांच्या हृदयात नवी झडप बसवली होती. झडप उत्तम बसली. पण जुन्या झडपेवर साचलेल्या कॅल्शियमचा एक कण सुटून मेंदूत गेला. उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली. तीस वर्षं बसस्टँडवर गाड्या पुकारणारा माणूस आता पाणी हवं असलं की नुसता पेल्याकडे बघत राहायचा.

डॉक्टरांनी फाईल उघडली नाही. "इतकं होऊनही माझ्याकडेच आणताय?"

"तुम्ही काही लपवलं नव्हतंत. शंभरात चार जणांना झटका येतो, म्हणालात. त्या चारांत कुणीतरी असणारच ना. आमचंच नशीब फुटकं, त्याला तुम्ही काय करणार?" काकूंनी पिशवीतून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. "भाऊजींना किती धोका आहे तेवढा काढून द्या. घरी सगळे विचारताहेत."

डॉक्टरांनी कॉम्प्युटरमध्ये वय घातलं, स्कॅनमधली मापं घातली, कॅल्शियम किती ते घातलं. आकडा आला.

"सहा. शंभरात सहा."

काकू म्हणाल्या, "म्हणजे यांच्यापेक्षा जास्त? असं कसं? भाऊजी आठ वर्षांनी लहान. परवा-परवापर्यंत रोज टेकडी चढत होते."

प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं, हे उत्तर डॉक्टरांच्या ओठांवर तयार होतं. काकू तेवढ्यावर मान डोलावून उठल्याही असत्या.

"काकांचा आकडा अकरा होता," डॉक्टर म्हणाले.

"अकरा?"

"मी तुम्हाला चार सांगितला. माझ्या हातून झालेल्या ऑपरेशनांत एकूण शंभरात चारांनाच झटका यायचा, म्हणून..." ते थांबले. "नाही, म्हणून नाही. अकरा ऐकलं तर काका उठून जातील, अशी भीती वाटली मला. झडप बदलली नसती तर त्यांनी वर्षही काढलं नसतं."

काकूंनी फाईल ओढून पुन्हा मांडीवर घेतली. तिची नाडी बांधायला त्यांना फार वेळ लागला.

"गेलेच असते उठून," त्या म्हणाल्या. "आठवडाभर डोकं खाल्लं असतं माझं. पोरीशी भांडले असते. आणि बहुतेक परत आलेच असते तुमच्याकडे. पण ते त्यांनी ठरवलं असतं."

"हो."

"मग मला काय सांगताय? त्यांना सांगा. कळतं त्यांना सगळं. बोलता येत नाही, एवढंच."

डॉक्टर जिना चढून वर गेले. काका उशीला टेकून बसले होते. दार खाटेच्या उजव्या अंगाला होतं आणि झटका आल्यापासून काकांना उजवीकडचं दिसत नव्हतं. डॉक्टर त्यांच्यापासून हातभर अंतरावर येऊन उभे राहिले, तरी ते आपले डावीकडच्या खिडकीतून बाहेर बघत होते. आल्या पावली मागे फिरलं असतं, तरी त्यांना पत्ता लागला नसता.

डॉक्टर बराच वेळ तसेच उभे राहिले. मग खाटेला वळसा घालून ते पलीकडे गेले.

काकांनी त्यांना पाहिलं. अर्धा चेहरा हसला. मग त्यांनी आपला धड पाय हळूहळू आत ओढून घेतला आणि डॉक्टरांना बसायला जागा करून दिली.