नग बघून सही

"सही झाल्याशिवाय डॉक्टरीणबाई उपचार सुरू करणार नाहीत, अण्णा," मुलगा शिवराज म्हणाला. "चार वाजेपर्यंत काय ते सांगा."

हणमंतरावांनी कागद खिशात कोंबला आणि तडक हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये जाऊन बसले.

वर त्यांची बायको जयवंता भिंतीकडे तोंड करून पडली होती. तीन महिने ती कुणाशी बोलली नव्हती. आता तर खाणंही सोडलं होतं. पाण्याचे दोन-चार चमचे कसेबसे आत जात. गोळ्यांचा गुण यायला लागतो तेवढा वेळ हिच्याकडे नाही, शॉक द्यावे लागतील, असं डॉक्टरीणबाईंनी आज स्पष्टच सांगितलं.

शॉकच्या कागदावर सही करायला हणमंतराव तयार नव्हते. काचीगुडा स्टेशनच्या पार्सल ऑफिसात त्यांनी तीस वर्षं काढली, पण नग डोळ्यांनी बघितल्याशिवाय कधी सही म्हणून केली नाही. साहेबसुद्धा सांगून थकले. आणि हा नग तर त्यांनी बघितला होता.

शिवराजचा फोन आला. "नाही म्हणजे नाही! शॉक देऊ देणार नाही," त्यांनी ठणकावलं आणि फोन ठेवला.

"अरे भाई, ये चाय है के शरबत? इत्ती शक्कर नक्को बोली ना मैं!"

शेजारच्या टेबलावरची बाई कँटीनवाल्याला झापत होती. डोक्यावर पदर, पुढ्यात इडलीची दुसरी प्लेट. त्याला पळवून लावून ती हणमंतरावांकडे वळली.

"मराठी का तुम्ही? गाव कोणतं?"

"उदगीर. आता गौलीगुड्यात असतो."

"आम्ही भालकीचे. आमचे हे औषधाच्या रांगेत अडकलेत. सकाळपासून पोटात पाण्याचा थेंब नाही, म्हणून म्हटलं खाऊन घ्यावं."

"उपास होता?"

"उपासच म्हणा की!" ती खळखळून हसली.

असल्या जागी इतकं हसू येतं तरी कसं, असं हणमंतरावांना वाटलं. थोडा रागही आला.

"शॉकला नाही का म्हणता, भाऊ? कुणी काही सांगितलं का?" तिने विचारलं.

"सांगायला कशाला पाहिजे? या डोळ्यांनी बघितलंय." मन भरलेलं होतंच, ते सांडलं. "दहा दिवसांमागं, सोमवारी, बायकोला दाखवायला आणलं होतं. वॉर्डात सहा नंबरला एक बाई होती. आयाला विचारलं तर म्हणाली, शॉक की पेशंट है. नुसतं वाळलेलं लाकूड! डोळे उघडे, पण नजर नाही. नाकात नळी. नवरा बिचारा तिचा भांग पाडत होता. वाकडा जायचा, मोडायचा, परत पाडायचा. तिनं हूं की चूं केलं नाही. मी जयवंताला घेऊन आल्या पावली घरी गेलो."

बाईने हातातला घास खाली ठेवला.

"चाळीस वर्षांचा संसार आहे," हणमंतराव म्हणाले. "माझ्या सहीनं तिचं तसं झालं, तर मी तोंड कुठं लपवू?"

तिने प्लेट बाजूला सारली. मग म्हणाली, "गाव कोणतं म्हणालात?"

"उदगीर. आत्ताच सांगितलं ना."

"हल्ली जरा विसरायला होतं. नोकरी?"

"रेल्वेत. पार्सल क्लार्क."

"मग फुटका नग दिसला की काय करायचं असतं?"

हा प्रश्न त्यांच्या रोजच्या कामातला होता. "आधी बघायचं, येतानाच फुटका होता का आपल्याकडं फुटला. नाहीतर भलत्याच्या गळ्यात पडतं."

"सहा नंबरचं बघितलं होतंत का तसं?"

हणमंतरावांनी खिशातला कागद चाचपला.

"तिला पहिला शॉक मंगळवारी दिला, भाऊ. तुम्ही बघितली सोमवारी."

"तुम्हाला काय माहीत?"

बाईने डोक्यावरचा पदर मागे सारला आणि त्यांच्यासमोर मान वाकवली.

"आज भांग माझा मी पाडलाय. बघा बरं, सरळ आलाय का?"