घरचा बोर्ड

"आयटीआयला इलेक्ट्रिशियन? तू?" सोपान वायरमनने मुलीसमोर कपबशी आदळली. "खांबावर चढून केस पिकले माझे, तरी अजून कंत्राटीच. पगार कधी होईल ते देवालाच ठाऊक. महाराष्ट्रभर हीच रड आहे, आणि तुला हेच सुचलं?"

स्टुलावर चढून ऋतुजाने उघड्या पडलेल्या स्विचबोर्डाला टेस्टर लावला. लोकांची कामं करताना घरचा बोर्ड बापाकडून राहूनच गेला होता.

तो तणतणत उठला आणि थबकला. शॉक छातीतून जाऊ नये म्हणून तिने डावा हात पाठीमागे धरला होता, अगदी त्याच्यासारखा. हे त्याने तिला कधीच शिकवलं नव्हतं.

दारातली आपली रबरी चप्पल आणून त्याने स्टुलापाशी आपटली.

"अनवाणी काय चढतेस, बये! ही घाल आधी."