शेवटचा वाफा

कोबीची लागवड संपली की पालोमा पुढच्या शेतावर जाणार होती. दोन वेळचं जेवण आणि झोपायला जागा, एवढ्यावर मातीत राबायला ती चिलीहून टास्मानियात आली होती. ती आल्यापासून शेतमालक मर्विनच्या टेबलावर पुन्हा दोन ताटं दिसायला लागली होती.

सकाळी बघतात तर काल लावलेला शेवटचा वाफा रिकामा.

"वॉलबी," म्हातारा मर्विन कुंपणाकडे बघत म्हणाला. कांगारूसारखे हे छोटे प्राणी तिथे रात्री शेतात घुसत. "लेकाच्यांनी सगळी रोपं फस्त केली. आता पहिल्यापासून सुरुवात. अडकलीस तू."

पाण्याच्या टाकीमागे जाऊन पालोमा एक ओलं पोतं घेऊन आली आणि तिनं ते त्याच्यासमोर उलगडलं. आत सगळी रोपं होती, मुळांची माती तशीच.

"वॉलबी रोपं खातात, मर्विन. मुळं सुकू नयेत म्हणून पोत्यात गुंडाळून ठेवत नाहीत."

मर्विनचे कान लाल झाले. मान वर करायची त्याला सोय उरली नाही.

"थांब म्हणाला असतात, तर थांबले असते," म्हणत ती खाली बसली आणि पहिलं रोप तिनं मातीत रोवलं.

चिखलानं भरलेले बूट ओढत मर्विन पुढे आला आणि त्यानं पोतं तिच्या जवळ सरकवलं.

"सावकाश लाव," शेवटी तो कसाबसा म्हणाला.