माइकपुरतं बोलणं

“तौफीक, चहा घे रे. गार झाला तर पुन्हा माझ्याच नावानं खडे फोडशील,” लक्ष्मीकांत माइकवर म्हणाला.

“तू पाजलेला चहा आणि गरम? लोकहो, तारीख लिहून ठेवा!” तौफीकनं लगेच टोला हाणला.

ऐकणारे हसले असणार. इथे आखातात जाब्रियाच्या हॉस्पिटलातल्या नर्स, डिलिव्हरीवाले, तिकडे दापोली-गुहागरात अंगणात फोन मांडून बसलेल्या म्हाताऱ्या, सगळे दर शुक्रवारी ह्या दोघांसाठीच इंटरनेटवरचा रेडिओ लावायचे. क्रिकेट कळो न कळो, ह्यांची कॉमेंट्री हवी. जोडी असावी तर अशी, म्हणायचे.

पहिली इनिंग संपली, माइक बंद झाला. दोघांनी एकमेकांकडे पाठ केली आणि तोच चहा मुकाट्यानं प्यायले. चार वर्षं हे असंच चाललं होतं. माइक चालू तोवर गप्पा, माइक बंद की अबोला. आता काय म्हणावं ह्यांना!

लक्ष्मीकांतची बायको शामला नर्स होती. तिनं आपला आजार नवऱ्यापासून लपवला. तपासण्यांना जायची ती तौफीकच्या टॅक्सीनं. लक्ष्मीकांतला हे कळलं ते ती गेल्यावर. म्हणजे हा माणूस सगळं माहीत असून दोन महिने माझ्या शेजारी बसून खिदळत होता! त्या दिवसापासून त्यानं तौफीकशी बोलणं टाकलं. माइक तेवढा सोडला नाही, कारण रिकाम्या फ्लॅटमध्ये शुक्रवार त्याला खायला उठायचा.

तौफीकनं फोन केले. दारात जाऊन उभा राहिला. दार उघडलं नाही. मग तोही थकला. आठवडाभर टॅक्सीत हिंदी आणि मोडकंतोडकं अरबी, खोलीवर चार परकी माणसं, गावाकडे बायको नूरीला फोन केला तर रेंज जायची. पोटभर मराठी बोलायला त्याला हे शुक्रवारचे तीन तास होते. माइकवर नको ते बोललो आणि हेही गेलं तर? म्हणून तोही विनोदच करत राहिला.

पण आजचा शुक्रवार शेवटचा होता. लक्ष्मीकांतनं नोकरी सोडली होती. उद्या दुपारचं विमान, कायमचं. जे सांगायचं ते ही मॅच संपायच्या आत. त्यानंतर हा माणूस तोंड उघडणार नव्हता.

दुसरी इनिंग दहा ओव्हरची. सुलैबियाच्या त्या रेताड मैदानावर आदिल नावाचा गडी बॅटिंगला आला आणि अंगात आल्यासारखा टोलवायला लागला. पब्लिक शिट्ट्या मारत होतं. एकटा तौफीक मनात म्हणत होता, अरे मेल्या, दमानं घे! पंचेचाळीस धावा हव्या होत्या, त्या बघता बघता वीस उरल्या.

“आणि हा आदिलचा आणखी एक सिक्सर! राहिल्या चौदा,” लक्ष्मीकांत म्हणाला. “तौफीक, आज गप्प का? घसा बसला काय?”

“लक्ष्मीकांत,” तौफीक माइककडे झुकला. “शामलावहिनींचं सांगायचंय.”

लक्ष्मीकांतनं मान वळवली नाही. त्याचा हात लॅपटॉपवर गेला. स्कोअर भरायचं काम त्याचंच.

हजारभर माणसं कान लावून बसली आहेत, हे तौफीकला ठाऊक होतं. सगळ्या कोकणात उद्या हीच चर्चा होणार. होऊ दे.

“त्यांनी शपथ घातली होती रे मला. ह्यांना कळलं तर माझ्याआधी हेच खचतील, म्हणाल्या. ती शपथ मी मोडायला हवी होती. दर शुक्रवारी सांगायला तोंड उघडायचो आणि विनोदच बाहेर पडायचा. चुकलो मी. माफ कर.”

दोन चेंडू कॉमेंट्रीविना गेले. रेडिओवर इतकी शांतता म्हणजे गुन्हाच. आता हा उठून जाणार, तौफीकला वाटलं.

“किती वेळा नेलंस?” लक्ष्मीकांतनं विचारलं.

“अकरा.”

“रडायची?”

“पहिल्या वेळेला. नंतर नुसती तुझी काळजी. ह्यांना साधी वरणाला फोडणी देता येत नाही, म्हणायच्या.”

“अजून येत नाही,” लक्ष्मीकांत म्हणाला आणि त्यानं चष्मा काढून पुसला.

मैदानात चौकार गेला. पाठोपाठ दुसरा. दोघांचंही तिकडे लक्ष नव्हतं.

“एकदा म्हणाल्या, गाडी समुद्राकडून घ्या. दस्मानपर्यंत गेलो. काच खाली करून बसल्या, एक शब्द बोलल्या नाहीत. आणि शेवटच्या वेळेला...”

एकदम आरडाओरडा झाला. आदिलनं सिक्सर मारला होता. मॅच संपली, पब्लिक मैदानात घुसलं. तौफीक बोलायचा थांबला. संपलं सगळं.

स्पर्धा भरवणारा सुयोग धापा टाकत टेबलाशी आला. “काका, अहो काय हे! शेवटचा सगळा खेळ कुणाला ऐकूच गेला नाही! गावाहून फोनवर फोन येतायत. माइक कधी बंद पडला?”

तौफीकनं माइककडे पाहिलं.

“पडला नाही,” लक्ष्मीकांत म्हणाला. “मी बंद केला. ह्यानं शामलाचं नाव घेतलं तेव्हाच.”

मग तो तौफीककडे वळला. “हं, बोल. शेवटच्या वेळेला काय म्हणाली?”