वशिल्याची रांग

“शर्मिष्ठा, जरा ती…” एवढं बोलून अप्पा अडकले.

पक्षाघात झाल्यापासून त्यांचे विचार डोक्यातल्या चिपमधून केंद्रावर जात आणि शब्द होऊन उशाजवळच्या स्पीकरमधून परत येत. शर्मिष्ठा त्याच केंद्राचे, संदेश पुढे धाडणारे स्विच सांभाळायची. सुस्कारा टाकून तिने लॅपटॉप उघडला. पुन्हा तेच! एक स्विच भरला की तो मागच्याला ‘थांब’ म्हणायचा, मागचा त्याच्या मागच्याला. काहीच गळत नव्हतं आणि काहीच हलत नव्हतं.

काही म्हणजे काही गळू न देणारी संदेशांची ही खास रांग खरं तर दूरवरून ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांसाठी होती. आत्ता त्यांची यंत्रं उघड्या पोटांवर थिजून उभी होती.

“आपणच या रांगेत घुसवलीत गं आपापली माणसं,” फोनवर तिचा सहकारी गायतोंडे म्हणाला. “आता काढायचं कोणाला?”

अप्पांचे डोळे तिच्यावरच खिळले होते.

“माझ्या अप्पांना,” ती म्हणाली आणि तिने त्यांना साध्या रांगेत टाकलं. तिथे गर्दी झाली की शब्द सरळ फेकून दिले जात.

गायतोंडे म्हणाला, “मग माझ्या आईलाही काढतो.”

हळूहळू बाकीच्यांनीही आपली माणसं काढली. गाठ सुटली, यंत्रं हलली. स्पीकर खरखरला.

“…खुर्ची… बस… दमलीस…”

गळलेले शब्द शर्मिष्ठाने मनातच भरले आणि खुर्ची ओढून ती अप्पांजवळ बसली.