रूपसिंगची चढाई

घाटंजीचं जुनं कबड्डी स्टेडियम पाडायला जेसीबी आला, तेव्हा आम्ही म्हातारे खेळाडू फाटकात बसलो होतो.

इतक्यात रिकाम्या मैदानातून आवाज आला. कबड्डी, कबड्डी, कबड्डी... दुपार झाली, तरी दम तुटेना.

जेसीबीवाल्या आसिमनं इंजिन बंद केलं. तोही इथेच खेळलेला. चढाई चालू असताना मैदानात कोण शिरतं?

आमच्यासोबत आलेल्या गंगीवहिनीनं आवाज ओळखला. तिचा नवरा रूपसिंग तीस वर्षांपूर्वी इथंच चढाईत कोसळून गेला होता, मध्यरेषा हातभर राहिली असताना.

ती रेषेवर जाऊन बसली.

"त्याले बोलावू नोका, वहिनी," मी म्हटलं. "दम सुटला तर स्टेडियम जाईन."

तिनं हात पुढे केला. "लय झालं जी. या आता."

आवाज थांबला. तिच्याजवळ कोणीतरी खोल श्वास घेतला.

मग वहिनीच म्हणू लागली, कबड्डी, कबड्डी...

ऊन उतरलं. तिनं अजून श्वास घेतलेला नाही.