अख्खी ओळ

सवयीनं ती मागच्याच माईकपाशी जाऊन उभी राहिली आणि सुरू झाली. पहिली ओळ हवेतच विरली. हॉलमधल्या कुणाला काही ऐकू आलं असेल तर तो फक्त शेवटचा शब्द.

साऊंडवाल्यानं बीट बंद केली. "ताई, तो नाही. पुढचा."

चूक त्याचीही होती. आज तिचा एकटीचा अल्बम, पण इतकी वर्षं या बहीणभावांचे कार्यक्रम सांभाळलेले, त्यामुळे त्याचे हात आपोआप चालले आणि त्यानं दोन माईक मांडून ठेवले. पुढचा दादाचा, मोठ्या आवाजाचा. मागचा तिचा, बुटका, आवाज बेतानं सोडलेला. दादा ओळ म्हणायचा आणि ओळीचा शेवटचा शब्द ती त्याच्याबरोबर ओरडायची. रॅपमध्ये असं कुणीतरी लागतंच, नाहीतर पुढच्याला श्वास घ्यायला फुरसत कुठली? लोक तिला शेपूट म्हणायचे. लाडानंच म्हणायचे, पण शेपूटच म्हणायचे.

ती पुढे आली. बंद पडलेल्या छापखान्याचा हॉल होता तो. भिंतीला टेकून तरणी पोरं उभी होती, आणि पहिल्या रांगेत मांडीवर पर्स घट्ट धरून आई बसली होती. 'अख्खी ओळ' हा अल्बम सकाळीच बाहेर पडला होता. स्वतःचा अल्बम करते म्हणाली तेव्हा दादा हसला होता. "अख्खी ओळ म्हणायला दम लागतो गं," एवढंच बोलला, आणि कार्यक्रमाला येणार नाही हेही सांगून मोकळा झाला. मघाशी तिनं आईला विचारलं, दादा कुठाय? "खोलीत. सकाळपासून दार लावून बसलाय. जेवायलाही उठला नाही." रुसलाय तर रुसू दे, म्हणून तिनं विषय संपवला. मनातून तो काही संपला नव्हता.

बीट पुन्हा सुरू झाली.

दुनियेच्या कपड्यांच्या काढल्या मी सुरकुत्या,
माझ्याच गळ्यात घड्या तशाच राहिल्या होत्या.

या वेळी पहिल्या शब्दापासून ऐकू आलं. दिवसभर लॉन्ड्रीत इस्त्री फिरवणाऱ्या बाईचा आवाज होता तो, वाफेत शेकलेला, जरा खरखरीत. पोरं भिंत सोडून पुढे सरकली. मागे लॉन्ड्रीतल्या मैत्रिणी उभ्या होत्या. आपलं काम गाण्यात आलेलं ऐकून त्यांनी एकमेकींना कोपरानं ढोसलं. आपल्याला हे येतंय, हे तिला म्हणता म्हणताच कळलं आणि तिला भलताच आनंद झाला. त्या आनंदात ती पुढच्या कडव्यावर अक्षरशः तुटून पडली.

बोलला तो, गाजला तो, मी धरलं फक्त शेपूट,
आता तोंड माझं, धड माझं, ऐक आवाज किती

आणि तिनं माईक हॉलकडे केला. दादाला वर्षानुवर्षं हेच करताना पाहिलं होतं. शेवटचा शब्द लोकांना सोडायचा, की सगळा हॉल ओरडतो. फरक इतकाच, की ती गाणी लोकांना पाठ असायची. सकाळी आलेलं गाणं संध्याकाळी कुणाला पाठ असणार?

हॉल गप्प. नुसती बीट धपधपत राहिली.

"मजबूत."

आवाज दारातून आला. एकटाच, आणि एक ठोका उशिरा.

सगळ्यांनी वळून पाहिलं. दादा उभा होता. केस विस्कटलेले, गळ्यात इअरफोनची वायर अजून लोंबतेय. तिनं साऊंडवाल्याला थांबायची खूण केली.

"दादा, उशीर झाला. एक ठोका."

हॉलमध्ये हशा पिकला. दादाही हसला, पण ओशाळून. "सकाळपासून करून बघतोय," तो म्हणाला. "जमतच नाही गं. एक तर आधी येतो, नाहीतर मागे राहतो. तू कसं करायचीस?"

"पुढच्याची ओळ अख्खी ऐकायची. बाकी काही नाही."

आईनं पर्स बाजूच्या खुर्चीवर ठेवली.

"मागचा माईक मोकळा आहे," ती स्टेजवरून दादाला म्हणाली.

पोरांनी वाट करून दिली. दादा स्टेजवर चढला आणि मागे जाऊन उभा राहिला. माईक तिच्या उंचीचा होता, त्याच्या छातीशी येत होता. साऊंडवाला तो वर करायला धावला, तर दादानं हातानंच नको म्हटलं. तसाच कमरेत वाकला, तोंड माईकशी नेलं आणि तिच्या पहिल्या शब्दाची वाट बघू लागला.

तिनं मात्र मुळीच घाई केली नाही. आधी छान पोटभर श्वास घेतला.